रोपे मोजता, तसे मातृवृक्षही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीच्या बातम्या सुरू होतात. कोणत्या तालुक्याला किती लाखांचे लक्ष्य, कोणत्या संस्थेने किती खड्डे मारले, गेल्या वर्षीची किती रोपे जगली. राज्याचे लक्ष्य २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी असे चढत गेले होते. या बातम्यांत एक आकडा मात्र कधीच दिसत नाही, तो म्हणजे ही रोपे किती मातृवृक्षांच्या, म्हणजे बी देणाऱ्या किती झाडांच्या, बियांपासून केली गेली. करंज किंवा शिवणीसारख्या मुबलक झाडाच्या बाबतीत ही उणीव एक वेळ खपून जाईल, कारण आजूबाजूला त्याच जातीची हजारो झाडे उभी असतात. पण अलीकडे दुर्मीळ देशी झाडे लावण्याचा आग्रह वाढतो आहे आणि त्याचे स्वागतच आहे. सीता अशोक, नरक्या, रानजायफळ यांची रोपे आता वाटली जातात, विकली जातात, देवराईत लावली जातात. या झाडांसाठी तो न दिसणारा आकडा बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून हे पत्र.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाची, दलदल आहे. बाराही महिने ओलावा धरून ठेवणाऱ्या जमिनीत जायफळाच्या कुळातली ही जुनी झाडे उभी आहेत आणि त्यांची मुळे श्वास घेण्यासाठी गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात. गावाने देवराई म्हणून राखलेल्या या जागेला २०२१ साली राज्य सरकारने जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. क्षेत्र किती, तर २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आतबाहेर. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बांबर इथली निरंकाराची राय ही अशीच दलदल. दोन्हीकडचे मुख्य झाड एकच, मायरिस्टिका मॅग्निफिका, जे धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेले आहे. केरळपासून कर्नाटकमार्गे येणाऱ्या या दलदलींच्या साखळीचे उत्तरेकडचे टोक आपल्या अंगणात आहे.

साडेसहा एकरांत झाडे उभी आहेत, बिया पडतात, खाली रोपेही दिसतात. मग अडचण कुठे आहे?

या कुळातल्या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. फळ फक्त मादीला येते. परागण करतात ते भुंगेरे आणि तत्सम बारीक कीटक. ते सावलीच्या, दमट रानातून हिंडतात, पण मध्ये काजूची उघडी बाग किंवा रबराची लागवड आली की ती ओलांडून पलीकडच्या राईत जाणे त्यांना अवघड होते. बी मोठे आणि जड असते. त्याच्याभोवतीच्या लालसर पत्रीच्या, म्हणजे जायपत्रीसारख्या आवरणाच्या, ओढीने धनेशासारखे मोठे पक्षी ते गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. एका राईतली जनुके दुसऱ्या राईत पोहोचण्याचे हे दोनच मार्ग आहेत, परागकण आणि बी. परागाची वाट कीटकांच्या हाती आणि बियांची वाट धनेशांच्या. राई एकाकी पडली आणि वाटेतली धनेशांच्या ढोलीची मोठी झाडे तुटली, तर दोन्ही वाटा एकदम बंद होतात. मग बी मादीच्या पायाशीच पडते, तिथेच रुजते आणि वाढून मोठे झाल्यावर सख्ख्या-सावत्र भावंडांत परागण होऊ लागते.

याचा हिशेब कागदावर मांडता येतो. एखाद्या राईत ५० प्रौढ झाडे आहेत असे धरा. त्यात २५ नर आणि २५ माद्या असतील, तर पुढच्या पिढीला जनुके देण्याच्या दृष्टीने ती खरोखर ५० झाडांइतकी भरतात. पण ४५ माद्या आणि ५ च नर असतील, तर जनुकशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने, म्हणजे नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले ४ आणि या सगळ्याला एकूण झाडांनी भागून, उत्तर १८ येते. डोळ्यांना ५० झाडे दिसतात, वारसा मात्र १८ झाडांचा चालतो. यालाच परिणामकारक संख्या म्हणतात. विविधतेची दर पिढीची गळती या संख्येच्या दुपटीने १ ला भागले की मिळते, म्हणजे पहिल्या राईत १ टक्का आणि दुसऱ्या राईत जवळजवळ ३ टक्के. फळे येत नाहीत म्हणून नर झाड निरुपयोगी समजून तोडले, तर काय तुटते ते यावरून लक्षात यावे.

कोकणातल्या जायफळाच्या बागायतदारांना नर-मादीचे गणित ठाऊक असते. साधारण १० माद्यांमागे १ नर ठेवला की फळधारणा नीट होते, असा बागेचा ठोकताळा आहे आणि उत्पन्नासाठी तो योग्यच आहे. पण तोच ठोकताळा दुर्मीळ रानजायफळाच्या लागवडीला लावणे चुकीचे ठरेल. १० माद्या आणि १ नर यांची परिणामकारक संख्या ४ सुद्धा भरत नाही, कारण पुढच्या पिढीतल्या प्रत्येक रोपाचा बाप तोच असतो.

आता रोपवाटिकेकडे येऊ. दुर्मीळ झाडाचे बी कसे गोळा होते? बहुतेक वेळा रस्त्याजवळचे, भरपूर लागलेले, खाली स्वच्छ जागा असलेले एक झाड सापडते आणि त्याच्याखालची पोतीभर फळे उचलली जातात. पाचशे-हजार पिशव्या भरतात, उगवण उत्तम होते आणि अहवालात हजार रोपांची नोंद पडते. एकाच मादीच्या या हजार रोपांत, बाप सगळे वेगळे आणि एकमेकांशी नाते नसलेले असले तरीही, विविधता जास्तीत जास्त ४ असंबंधित झाडांइतकीच असते. रोपे हजार केली काय किंवा लाख केली काय, ती मर्यादा ओलांडता येत नाही. शेजारी एकच नर असेल, म्हणजे सगळी सख्खी भावंडे असतील, तर ती २ वर येते. १० मातृवृक्षांपासून रोपे केली तर हीच मर्यादा ४० वर जाते आणि ३० मातृवृक्षांपासून केली तर १२० वर. पिशव्यांची संख्या तीच, खत-पाणी तेच, मजुरीही जवळपास तीच. फरक फक्त बी गोळा करताना आणखी २९ झाडांपर्यंत चालत जाण्याचा आहे.

३० हा आकडा कुठून आला, असे कुणी विचारील. राईत एखादे जनुकरूप, म्हणजे एखाद्या जनुकाचा एक प्रकार, १०० पैकी ५ वेळाच आढळत असेल, समजा मुळकुजीला थोडा जास्त प्रतिकार करणारे, तर एका झाडात ते सापडण्याची शक्यता १० टक्क्यांहूनही कमी असते. ५ झाडे घेतली तर ४० टक्के होते. ३० झाडे घेतली तर ९५ टक्के. त्यापुढे कष्ट वाढतात, पण पदरात पडणारी भर थोडीच असते. म्हणून ३० ही व्यवहार्य रेषा मानली जाते. राईत तेवढ्या फळणाऱ्या माद्या नसतील, तर जितक्या आहेत त्या सगळ्या घ्याव्यात, एकही सोडू नये.

विविधता कमी झाली म्हणून झाड दुसऱ्या दिवशी मरत नाही आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. आज उभे असलेले शे-दीडशे वर्षांचे झाड जंगल सलग होते त्या काळातल्या परागणातून जन्मलेले आहे. त्याच्या पानाची डीएनए तपासणी केली तर विविधता भरपूर दिसेल आणि अहवालात ‘स्थिती समाधानकारक’ असे लिहिले जाईल. खरी स्थिती कळते ती पायाशी उगवलेल्या रोपांवरून, कारण ती गेल्या काही वर्षांच्या परागणातून आलेली असतात. म्हणून तपासणी करायची तर ३० प्रौढ झाडे आणि ३० रोपे अशी जोडीने करावी. काम अवघड नाही. प्रत्येकाचे अंगठ्याएवढे कोवळे, निरोगी पान कागदी पाकिटात घालायचे, त्यावर झाडाचा क्रमांक शिसपेन्सिलीने लिहायचा आणि पाकीट पानाच्या वजनाच्या निदान दहापट, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये ठेवायचे. एका दिवसात पान कुरकुरीत वाळले पाहिजे. काळपट, मऊ पडले तर डीएनए तुटला असे समजून नमुना पुन्हा घ्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले पान आठवडाभर ठेवून पाठवणे ही नेहमीची चूक आहे. पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग अशा ठिकाणांचे साहाय्य या कामात मागता येईल. रोपांतली विविधता प्रौढांपेक्षा स्पष्ट कमी निघाली, तर जनुकप्रवाह तुटला आहे असे समजायचे आणि मोठी झाडे जिवंत आहेत तोवर हालचाल करायची. ती गेली की त्यांच्यातली विविधता परत आणण्याचा मार्ग उरत नाही.

द्विलिंगी फुले येणाऱ्या झाडांत खुणा थोड्या वेगळ्या असतात. सीता अशोकाचे एकटे झाड आवारात असेल, तर आलेल्या थोड्याफार शेंगांतले बरेच बी स्वपरागणाचे असण्याचा धोका असतो. स्वपरागण झाले की दबलेले दोष वर येतात. पोचट बी, उगवून पंधरा दिवसांत माना टाकणारी रोपे आणि गादीवाफ्यात मधूनच दिसणारी पांढरीफटक, हरितद्रव्य नसलेली रोपे ही त्याची ओळख. रोपवाटिकेतले कामगार अशी रोपे उपटून टाकतात, ते ठीकच आहे, पण ती कोणत्या झाडाच्या वाफ्यात किती निघाली हे लिहून ठेवले तर मातृवृक्षाबद्दल फुकटात माहिती मिळते. अशा झाडाचे बी पुढच्या वर्षी घेऊ नये.

सीता अशोकाची गरज मोठी आहे. सालीसाठी रानातली झाडे सोलली गेली, औषधांत त्याच्या जागी उंच आसुपालवाची साल मिसळली जाते, आणि लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. पण शहरांतून वाटली जाणारी त्याची रोपे अनेकदा एखाद्या बागेतल्या एक-दोन झाडांची असतात आणि त्या झाडांचे मूळ कुठले, हे कुणाला सांगता येत नाही. सोसायटीच्या आवारात सावलीसाठी किंवा फुलांसाठी अशी रोपे जरूर लावावीत. रानातल्या ओढ्याकाठी, जिथे अजून जुने अशोक उभे आहेत तिथे, मात्र ती नेऊन लावू नयेत. एकाच झाडाची दोन-तीनशे लेकरे तिथे फुलू लागली, की त्यांचे पराग संख्येच्या जोरावर उरलेल्या रानटी झाडांवर पसरतात आणि जी विविधता वाचवायची होती तीच पातळ होते.

नरक्याची गोष्ट याहून बिकट आहे. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी औषधांचे मूळद्रव्य १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळे केले गेले. १९७२ साली ते आपल्या नरक्यातही असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखवले. त्यानंतर सह्याद्रीतल्या नरक्याची तोड सुरू झाली ती लाकडाच्या चिपांसाठी. या झाडात काही झाडे नर, काही मादी तर काही द्विलिंगी आढळतात आणि द्रव्याचे प्रमाण झाडागणिक, राईगणिक बदलते. जास्त द्रव्य देणारे झाड शोधून त्याची छाटकलमे किंवा ऊतिसंवर्धित रोपे करणे लागवडीच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे. शेतात लावलेल्या नरक्यामुळे रानावरचा भार कमी होत असेल तर ते व्हायलाच हवे. फक्त ती शेती शेतातच राहावी. एका झाडाच्या कलमांना रानात ‘पुनर्लागवड’ म्हणून नेणे म्हणजे एकच झाड हजार ठिकाणी उभे करणे. कलमांचा नर किंवा मादी हा प्रकारही एकच असणार, त्यामुळे मादीची कलमे लावली आणि आसपास नर नसला तर फळ धरण्याचा प्रश्नच येत नाही.

एकच झाड हजार ठिकाणी उभे केल्याने काय होते याचे उदाहरण इंग्लंडने पाहिले आहे. तिथला इंग्लिश एल्म हा वृक्ष बियांऐवजी मुळांच्या फुटव्यांनी वाढवला गेला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने तो रोमन काळात आणलेल्या एकाच झाडाचा विस्तार असल्याचे दाखवले. १९७० च्या दशकात एल्मचा बुरशीजन्य रोग पसरला तेव्हा ब्रिटनमधले अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. रोगापुढे सगळी झाडे सारखीच दुबळी होती.

आता बी गोळा करण्याबद्दल थोडे तपशिलात लिहितो, कारण चुका इथेच होतात. आधी परवानगी. वनखात्याच्या जमिनीत खात्याची, आणि वारसास्थळात किंवा देवराईत त्यासोबत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचीही संमती घ्यावी. देवराईतले पानही उचलायचे नाही असा काही गावांचा नेम असतो. तो मानून गावकऱ्यांशी बोलूनच काम ठरवावे, किंबहुना बी त्यांनीच गोळा करावे. फुलोऱ्याच्या दिवसांत एक फेरी मारून प्रत्येक प्रौढ झाडाला क्रमांक द्यावा, नर की मादी ते लिहावे, छातीच्या उंचीवरचा घेर मोजावा, जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवावी. ही फेरी चुकली तर पुढचे सगळे अंदाजाने होते, कारण फुले नसताना नर-मादी ओळखता येत नाहीत.

बी घेताना दोन मातृवृक्षांत शक्यतो ५० ते १०० मीटर अंतर असावे. शेजारशेजारची झाडे बहुधा एकाच आईची असतात. राईच एवढीशी असेल तर ही अट सोडावी लागते, पण निदान एकाच झुंबाड्यातली सगळी घेऊ नयेत. प्रत्येक झाडाच्या चारही बाजूंचे आणि हंगामाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे तीन वेळा बी घ्यावे. फुलोरा लांबलेला असतो आणि आरंभी पराग देणारे नर वेगळे, शेवटी देणारे वेगळे असू शकतात. एका दिवशी झाडावर आणि झाडाखाली जेवढे पक्व बी दिसते त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त उचलू नये. उरलेले पाखरांचे, खारींचे आणि त्या राईच्या उद्याचे आहे.

प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पिशवीत, आत-बाहेर दोन चिठ्ठ्या घालून ठेवावे. एकदा सगळे एका पोत्यात ओतले की पुढे काहीच सुधारता येत नाही. मायरिस्टिकाचे बी भात-नाचणीच्या बियांसारखे वाळवून साठवता येत नाही. ते वाळले की मरते आणि फ्रिजमध्ये ठेवले तरी मरते. पत्री त्याच दिवशी काढून, बी धुऊन, ओलसर कोकोपीटमध्ये किंवा लाकडाच्या भुशात, हवा खेळेल अशा पिशवीत ठेवावे आणि चार-पाच दिवसांत पेरावे. हवाबंद डब्यात ते कुजते. उन्हात पसरले तर दोन दिवसांत संपते. ‘सगळे बी खराब निघाले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुधा यांतलेच काहीतरी असते. दोष झाडाचा नसतो.

पेरताना प्रत्येक मातृवृक्षाचे बी सारख्या संख्येने घ्यावे. एका झाडाचे ८०० आणि दुसऱ्याचे २० असे झाले, की ३० झाडांवर केलेले श्रम निम्मे वाया जातात. वाफे वेगळे ठेवावेत आणि पाट्या रंगाच्या न करता धातूच्या कोरीव असाव्यात, कारण कोकणचा एक पावसाळा रंग ठेवत नाही. यानंतर येते ती सगळ्यांत दुर्लक्षित चूक, छाटणी. ठरलेल्या तारखेला एक फुटाची न झालेली रोपे रोपवाटिकेत फेकली जातात. लवकर उगवणारी, भराभर उंच होणारी रोपेच पुढे जातात आणि सावकाश वाढणाऱ्या, कदाचित सावलीत किंवा चिखलात जास्त तग धरणाऱ्या झाडांची सबंध घराणी नकळत बाद होतात. रोगट, मोडकी रोपे जरूर काढावीत. छोटी पण निरोगी रोपे आणखी एक वर्ष ठेवावीत. वाटपाच्या वेळी कोणत्या मातृवृक्षाची किती रोपे उरली ते मोजावे.

पिशवीतली माती बाहेरून आणू नये हेही इथेच सांगायला हवे. ऑस्ट्रेलियात १९९४ साली सापडलेल्या वोलेमी पाइनची रानात १०० हून कमी प्रौढ झाडे आहेत आणि त्यांच्यात विविधता जवळजवळ नाहीच. २००५ साली त्या दरीत फायटोफ्थोरा या बुरशीसदृश रोगजंतूची मूळकूज पोहोचलेली आढळली. आपल्याकडे सुपारीच्या बागा आणि दलदली एकाच ओढ्यावर असतात आणि सुपारीवरचा कोळेरोगही फायटोफ्थोराच्याच कुळातला. त्यामुळे दलदलीत जाणारी फावडी, बूट, पिशव्या धुऊन, निर्जंतुक करूनच आत न्याव्यात.

लावताना एकाच आईची रोपे शेजारी येऊ नयेत म्हणून ती आधीच मिसळून घ्यावीत. एक-दोन रोपे नमुन्यादाखल लावण्याने नर-मादी वेगळ्या असणाऱ्या झाडाचा काहीच फायदा होत नाही. नर-मादीचे प्रमाण निम्मे-निम्मे धरले, तर २ रोपे दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या निघण्याची शक्यता ५० टक्के, ३ लावली तर २५ टक्के, ६ लावली तर सुमारे ३ टक्के. त्यात काही मरणारच. म्हणून अशा झाडाचा एक पुंजका निदान १०-१२ रोपांचा असावा. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या आवारात मान्यवरांच्या हस्ते लावलेले एकटे रानजायफळ जगले तरी बी देणार नाही.

आता प्रश्न येतो दोन राया जोडण्याचा. पिढीला एखाद-दुसऱ्या बाहेरच्या झाडाचे जनुक राईत येऊन पुढच्या पिढीत मिसळले, तरी एकाकीपणाने होणारी झीज बरीच थोपते, हे लोकसंख्या-जनुकशास्त्रातले जुने आणि मान्य अनुमान आहे. याचा अर्थ सगळे रान पूर्ववत करण्याची वाट पाहण्याची गरज नाही. ओढ्याकाठची सलग झाडी, देवराई आणि कुळागर यांच्यामधले जुने आंबे-भेरले माड राखणे, धनेशाच्या ढोलीचे झाड ओळखून ते न तोडणे, एवढ्यानेही परागाची आणि बियांची वाट उघडी राहू शकते. दलदलीचे पाणी वरच्या बाजूने बागायतीकडे वळवले तर मात्र हे सगळे व्यर्थ आहे.

हाताने बी नेऊन जोडणी करायची तर ती जवळच्या, सारख्या पाण्याच्या आणि सारख्या पावसाच्या रायांमध्ये करावी. दोडामार्ग आणि सत्तरी यांच्यात अशी देवाणघेवाण दोन राज्यांच्या वनखात्यांनी मिळून विचारात घेण्यासारखी आहे. केरळातले बी मिळते म्हणून ते इथे आणणे मात्र टाळावे. शेकडो किलोमीटरांवरच्या झाडांचा फुलोरा वेगळ्या वेळी येऊ शकतो आणि संकर झालाच तर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत स्थानिक परिस्थितीशी जुळलेली जनुकांची घडी विस्कटू शकते. उत्तर कन्नडात सिद्दापूर तालुक्यातल्या कथलेकानच्या दलदलीतून २००० साली नवी जात म्हणून नोंदलेला बिब्ब्याचा भाऊबंद आहे. तोही नर-मादी वेगळ्या असणारा आणि मोजक्याच झाडांनिशी उरलेला. अशा झाडासाठी लांबून बी आणण्याचा पर्यायच नाही, जे आहे ते नीट वाटून घ्यावे लागते.

सगळ्या झाडांना ही एवढी यातायात लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. वड-उंबराचे पराग वाऱ्यावर तरंगणाऱ्या इवल्या गांधीलमाशा नेतात. नामिबियात उंबराच्या एका भाईबंदाचे पराग १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचे डीएनए तपासणीतून दिसले आहे. उंबराच्या दोन झाडांमध्ये शहर पसरले तरी त्यांचा संबंध टिकू शकतो. म्हणून पैसा आणि माणसे जिथे परागवाहक जवळचाच आहे, बी जड आहे आणि नर-मादी वेगळ्या आहेत, त्या झाडांवर आधी लावावीत.

२०२४ साली जाहीर झालेल्या जागतिक वृक्षमूल्यांकनात तपासलेल्या जातींपैकी ३८ टक्के वृक्षजाती धोक्यात असल्याचे म्हटले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला ठरलेल्या जैवविविधता आराखड्याच्या उद्दिष्टांत जनुकीय विविधता टिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि परिणामकारक संख्या ५०० च्या वर असलेल्या समूहांचे प्रमाण हा त्याचा मापदंड. तेवढ्यासाठी ढोबळमानाने ५००० प्रौढ झाडे लागतात. आपल्या दलदली त्याच्या आसपासही जात नाहीत. एवढ्या छोट्या क्षेत्रात तेवढी झाडे मावणारच नाहीत, त्यामुळे निरनिराळ्या राया मिळून एक समूह म्हणूनच त्यांचा विचार करावा लागेल.

यासाठी नवा कायदा किंवा नवे मंडळ नको. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली १७२.३९ कोटी रुपयांच्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता दिली आहे. वनक्षेत्राचे पुनरुज्जीवन हा त्यातला एक विषय आहे. संकटग्रस्त वृक्षांच्या मातृवृक्षांची नोंद त्यात घ्यावी, गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत त्यासाठी एक पान वाढवावे. वनखाते आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी दुर्मीळ जातीच्या रोपांच्या प्रत्येक गटासोबत चार गोष्टी लिहून द्याव्यात: बी कोणत्या राईतले, किती मातृवृक्षांचे, कोणत्या महिन्यात गोळा केलेले आणि प्रत्येक मातृवृक्षाची किती रोपे. खासगी रोपवाटिकांकडून रोपे घेणाऱ्या संस्थांनी हीच माहिती मागावी आणि ती मिळाली नाही तर ती रोपे बागेत लावावीत, रानात नेऊ नयेत. आपल्या बातमीदारांनीही यंदाच्या लागवडीच्या बातमीत रोपांच्या आकड्याशेजारी मातृवृक्षांचा आकडा विचारून छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक अभ्यासक
सिंधुदुर्ग